‘जितके दिवस लागतील तितके’ असं खिडकीवर म्हणू नका

ताई, नमस्कार.

माझं वय ६०. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कराडजवळ आमचं गाव. घरी मिस्टर, ८४ वर्षांच्या सासूबाई आणि तीन एकर ऊस. मुलगा-सून पुण्यात. मुलगी-जावई अमेरिकेत डॅलसला, दोघंही एच-वन-बी व्हिसावर नोकरीला. मुलगी पहिलटकरीण आहे, साडेचार महिन्यांनी तारीख आहे.

एका एजंटाला पंचवीस हजार देऊन व्हिसाचा फॉर्म भरून घेतला. मुंबईला मुलाखतीला गेले. खिडकीमागच्या साहेबांनी विचारलं, कशाला जाताय? म्हटलं, मुलीचं बाळंतपण आहे. किती दिवस? म्हटलं, जितके दिवस लागतील तितके. काय करता? म्हटलं, शिक्षिका होते. त्यांनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं, एक छापील कागद दिला आणि पासपोर्ट परत दिला. दोन मिनिटं झाली असतील. एवढी जमवलेली फाईल उघडलीसुद्धा नाही. नंतर कळलं की एजंटाने फॉर्ममध्ये पर्यटन, न्यूयॉर्क, नायगारा, सहा महिने असं लिहिलं होतं आणि मला ‘गृहिणी’ केलं होतं.

आता तो म्हणतो, आणखी चाळीस हजार द्या. पासपोर्ट हरवला म्हणून नवा काढू, आधीचा नकार दाखवायचाच नाही, मुलगी तिकडे आहे हेही लिहायचं नाही, आणि पंधरा दिवसांसाठी खात्यात आठ लाख ठेवून देतो. मिस्टर म्हणतात, नको परत तिथं हात पसरायला. मुलगी फोनवर रडते. मी काय करू? आम्ही दोघांनी मिळून अर्ज करावा का? आणि परत नाही म्हणाले तर लेकीला काय सांगू?

– एक आई, कराड तालुका

—

प्रिय बाई,

शिक्षिकेला ‘बाई’ म्हणायची सवय अजून सुटलेली नाही, म्हणून तेच म्हणते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ३१ वर्षं तुम्ही दुसऱ्यांचे पेपर तपासलेत, आणि दोन मिनिटांत एका अनोळखी माणसाने तुम्हालाच नापास केलं असं तुम्हाला वाटतंय. ते वाटणं मी समजू शकते. पण त्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते एकदा शांतपणे वाचा. त्यात २१४(बी) हा आकडा असेल. पर्यटक आणि पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना बहुतेक वेळा याच कलमाखाली नकार मिळतो.

अमेरिकेच्या कायद्यातलं हे कलम उलट्या बाजूने सुरू होतं. पाहुणा म्हणून व्हिसा मागायला येणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायलाच निघालाय असं कायदा आधी गृहीत धरतो. तसं नाही, आपण परत येणार आहोत, हे पटवायची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे तुमच्यावर खास संशय घेतला गेला असं नाही. तुमच्या पुढे-मागे रांगेत उभ्या असलेल्या डॉक्टरांवर आणि उद्योजकांवरही तोच होता. तुम्हाला मिळालेल्या नकाराचा अर्थ इतकाच की त्या दिवशी, त्या दोन मिनिटांत, त्या अधिकाऱ्याला ते पटलं नाही. याविरुद्ध अपील नसतं, पण पुन्हा अर्ज करायला बंदीही नसते. नवा फॉर्म, नवं शुल्क, नवी मुलाखत. शुल्क १८५ डॉलर, आपल्या पैशांत सोळा हजारांच्या आसपास, आणि ते परत मिळत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होय, पुन्हा अर्ज करा. तुमच्या मिस्टरांना माझा निरोप सांगा की यात हात पसरणं कुठेही नाही. आपण ठरलेलं शुल्क भरून एका कार्यालयाकडे परवानगी मागतो, एवढंच. पण त्या एजंटाच्या सांगण्यावरून मात्र एक पाऊलही टाकू नका. यात माझ्या मनात जराही शंका नाही.

का, ते सांगते. मुलाखतीआधी तुमच्या दहाही बोटांचे ठसे घेतले गेले, आठवतंय ना? पासपोर्ट नवा काढला तरी बोटं तीच राहणार. आधीचा अर्ज, आधीचा फोटो, आधीचा नकार, सगळं त्या अधिकाऱ्यासमोर येणार. आणि डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे की तुम्हाला यापूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेलाय का. तिथे ‘नाही’ लिहिलंत की आत्तापर्यंत जी फक्त एक न पटलेली गोष्ट होती, ती खोटेपणा ठरते. मुद्दाम खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवायचा प्रयत्न केला तर त्यासाठी वेगळं कलम आहे आणि त्यातली अपात्रता कायमची असते. २१४(बी) पुढच्या वेळी पुसता येतं, हे नाही. आज बाळंतपण हुकेल या भीतीने खोटं लिहाल, आणि उद्या नातवंडाची मुंज असो नाहीतर लग्न, दार बंदच राहील. शिवाय हरवला नसताना पासपोर्ट हरवला म्हणून नवा काढणं हा आपल्याकडेही गुन्हा आहे. पेन्शनीवर जगणाऱ्या बाईला हे करायला सांगणाऱ्या माणसाचा मला राग येतो, तो लपवत नाही.

मुलगी लपवायचं म्हणतो, तेही तसंच. जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का, हा फॉर्ममधला स्वतंत्र प्रश्न आहे. तुमची लेक तिथे रीतसर व्हिसावर नोकरी करते, कर भरते. तिचं असणं हेच तर तुमच्या जाण्याचं कारण आहे. ते काढून टाकलं तर ६० वर्षांच्या बाई एकट्या नायगारा बघायला का निघाल्या, याला उत्तर काय? आणि ते आठ लाख. पंधरा दिवसांसाठी आलेला पैसा पासबुकात बघताक्षणी ओळखू येतो. तुमचं पेन्शन दर महिन्याला येतं, ते कुणाकडून उसनं आणावं लागत नाही. तेच दाखवा.

आणखी एक. ‘लवकरची तारीख काढून देतो’ असंही हे लोक म्हणतात. २०२५ च्या मार्चमध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने संगणकी चलाखीने अडवून ठेवलेल्या मुलाखतीच्या सुमारे २,००० भेटी एका फटक्यात रद्द केल्या होत्या. ज्यांनी एजंटांना पैसे मोजले होते त्यांचे पैसेही गेले आणि तारखाही. व्हिसाच्या वेबसाइटवरच्या तुमच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड त्या एजंटाकडे असेल तर तो आधी मागून घ्या, बदला, आणि मागच्या फॉर्मची प्रतही मागा. ती लागणार आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. माझ्या मते तुमचा नकार तुमच्या परिस्थितीला नव्हता. फॉर्म एक बोलत होता आणि तुम्ही दुसरं बोलत होता, नकार त्याला होता. पडद्यावर पर्यटन, तोंडी बाळंतपण. पडद्यावर गृहिणी, तोंडी शिक्षिका. तो अधिकारी फाईल उघडत नाही याचं कारणच ते आहे की त्याने तुमचा फॉर्म आधी वाचलेला असतो आणि समोरचा माणूस त्या फॉर्मशी जुळतोय का, एवढंच तो बघत असतो. तुम्ही खरं बोललात. पण तुमच्या नावाने आधीच कुणीतरी खोटं लिहून ठेवलं होतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा नकार मिळाला, तेव्हा त्यांचा फॉर्म मी भरला होता, रात्री कामं उरकून, घाईत. त्यांना वाचून दाखवला नाही. किती दिवस राहणार या रकान्यात मी सहा महिने टाकले, आणि त्यांनी खिडकीवर सांगितलं दोन महिने, कारण त्यांच्या मनात खरोखर दोनच महिने होते. चूक पूर्ण माझी होती आणि मान खाली घालून परतावं लागलं त्यांना. दुसऱ्या वेळी आम्ही दोघी चार दिवस रोज संध्याकाळी बसलो. प्रत्येक प्रश्न मी मराठीत वाचला, त्यांनी उत्तर सांगितलं, मी ते लिहिलं. व्हिसा मिळाला.

तुम्हीही तसंच करा. फॉर्म इंग्रजीत असतो, पण वाचणारी व्यक्ती घरातली हवी. पुण्याचा मुलगा किंवा सूनबाई चालतील, लेक व्हिडिओ कॉलवर बसली तरी चालेल. एका बैठकीत संपवायचा अट्टहास नको. प्रत्येक पान भरलं की जतन करा, कारण थोडा वेळ हात लावला नाही तर ते पान बंद पडतं. सुरुवातीलाच जो अर्ज क्रमांक मिळतो तो वहीत लिहून ठेवा. शेवटी एक प्रश्न येतो, फॉर्म भरायला कुणी मदत केली का? तिथे ‘होय’ म्हणून मुलाचं किंवा सुनेचं नाव द्या. मदत घेणं गैर नाही. ती लपवू मात्र नका.

तुमच्या पत्रावरून काही जागा मला आत्ताच दिसतायत, तिथे जरा थांबते.

तुमचं माहेरचं नाव. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितात, आणि तुमच्या पिढीत अनेकींचं आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं. तुमच्या दहावीच्या आणि डी.एड.च्या प्रमाणपत्रांवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं असण्याची शक्यता खूप आहे. फॉर्म विचारतो, तुम्ही दुसरं कुठलं नाव कधी वापरलंय का? अनेक बायका तिथे ‘नाही’ लिहितात, कारण ते नाव आपलं ‘दुसरं’ आहे असं त्यांना वाटतच नाही. तिथे ‘होय’ लिहा आणि ते नाव पूर्ण द्या. पासपोर्टवरचं नाव मात्र पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, अक्षराला अक्षर. एका ठिकाणी तर स्वतःच्या लिपीत पूर्ण नाव लिहायची सोय आहे. सगळ्या इंग्रजी फॉर्ममध्ये ते एवढंच देवनागरी.

तुमचं काम. तुम्ही गृहिणी नाही आहात, निवृत्त आहात. तसं लिहा, आणि पुढे मागच्या पाच वर्षांतली नोकरी विचारतील तिथे शाळेचं नाव, पत्ता, रुजू झाल्याची आणि निवृत्तीची तारीख, आणि काय शिकवत होतात ते दोन वाक्यांत. ३१ वर्षं एका जागी सरकारी नोकरी करून पेन्शन घेणारी बाई कुणाच्या देशात चोरून राहायला कशाला जाईल? हे तुमचं सगळ्यांत भक्कम म्हणणं आहे, आणि एजंटाने नेमकं तेच पुसलं.

तुमचे प्रवास. गेल्या पाच वर्षांत कुठल्या देशांत गेलात, असा प्रश्न आहे. तुम्ही निवृत्तीनंतर गावातल्या बायकांबरोबर नेपाळला, पशुपतिनाथाला गेला असलात तर तोही परदेशच. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, पासपोर्टवर शिक्का पडत नाही, म्हणून लोक तो विसरतात. लिहा. फेसबुक वापरत असाल तर त्याचंही नाव विचारतात, गेल्या पाच वर्षांतलं. आणि तुम्ही कुठल्या टोळीचे किंवा कुळाचे आहात का असाही एक प्रश्न येतो. तिथे गोंधळून आपली जात लिहू नका, तो प्रश्न जातीबद्दल नाही. ‘नाही’ म्हणून पुढे जा.

खर्च कोण करणार? लेक करणार असेल तर लेकीचं नाव द्या. तिकीट तुम्ही काढणार आणि तिथलं ती बघणार असेल तर तसं सांगायची तयारी ठेवा. मुलीकडून निमंत्रणाचं पत्र आणि हमीपत्र आणायला सांगतात, पण या व्हिसासाठी अमेरिकेला त्यांची गरज नसते. त्यामागे धावू नका.

आणि आता तो प्रश्न, ज्याच्यावरून मी या उत्तराचं शीर्षक ठेवलं.

किती दिवस? ‘जितके दिवस लागतील तितके.’ बाई, हे वाक्य आपल्या घरात किती मायेचं आहे! लेक म्हणेल तोवर राहीन, तिची घडी बसली की येईन, हेच तुम्हाला म्हणायचं होतं. पण समोरचा माणूस एकच गोष्ट शोधत होता: ही बाई परत कधी येणार? आणि त्या वाक्यात परत येण्याची तारीखच नव्हती. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. तुमच्या उत्तरात नेमकं ते ‘येते’ राहून गेलं.

म्हणून आधी घरात बसून खरोखर ठरवा. नुसतं खिडकीवर सांगायला म्हणून नको. तारखेच्या थोडं आधी पोचायचं, सव्वा महिना लेकीजवळ राहायचं, बारसं करायचं, मग तिला एकटीने जमायला लागेपर्यंत थोडे दिवस आणखी. माझा हिशोब साधारण तीन महिन्यांचा होतो, तुमचा थोडा वेगळा असेल. जो असेल तोच फॉर्ममध्ये आणि तोच तोंडी. परत का यायचं, तेही तुमच्याकडे भरपूर आहे. सासूबाई ८४ वर्षांच्या, मिस्टर एकटे किती दिवस बघणार? ऊस तुटून कारखान्याला जाईल तेव्हा घरी माणूस हवा. दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. यातलं काहीही पाठ करून म्हणून दाखवू नका. विचारलं तर सांगा, सहज, जसं मला पत्रात सांगितलंत तसं. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात तुम्ही जे लिहिलंय तेवढंच नीट सांगितलं तरी पुरे आहे.

बोला मराठीत. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत, वांद्रे-कुर्ला संकुलात, मुलाखत मराठीतही देता येते. तुम्ही मागच्या वेळी कुठल्या भाषेत बोललात ते पत्रात नाही, पण यावेळी पहिल्याच वाक्यात ‘मराठीत बोलू का?’ असं विचारा. मोडक्या इंग्रजीत अर्धं सांगण्यापेक्षा स्वतःच्या भाषेत पूर्ण सांगावं. भारतात दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादलाही मुलाखत होते, आणि कधी कधी तिथली तारीख लवकर मिळते. पण तिथे मराठी मिळेल असं धरून चालू नका.

पहिलं वाक्य एवढंच: ‘माझी मुलगी डॅलसला आहे, तिला बाळ होणार आहे, मी तीन महिने तिच्याजवळ राहून परत येणार आहे.’ हा व्हिसा कुटुंबाला भेटायला जाण्यासाठीच आहे. ओल्या बाळंतिणीजवळ आईने असणं याहून सरळ भेट कुठली? एक मात्र स्पष्ट असू दे. दोघंही कामावर जाणार आणि बाळ वर्षभर आजी-आजोबांनी आळीपाळीने सांभाळायचं, असा बेत कुणी आखत असेल तर तो या व्हिसात बसत नाही. अनेक घरांत हा बेत असतो, मी ऐकते. तुमच्या घरात तसं काही ठरत असेल तर आत्ताच मुलीशी मोकळेपणाने बोला आणि तिथे बाळासाठी दुसरी सोय बघायला सांगा.

मागच्या फॉर्मबद्दल विचारलं तर? विचारतीलच. ‘तो एजंटाने भरला होता. मी न वाचता जाऊ दिला, ती माझी चूक. हा मी स्वतः वाचून भरलाय.’ एवढं सांगा आणि थांबा. एजंटाच्या तक्रारीत शिरू नका. मागची प्रत म्हणूनच जवळ हवी, म्हणजे काय बदललंय ते तुम्हाला ठाऊक असेल.

कागदपत्रं न्या, पण त्यांच्यावर विसंबू नका. पेन्शनचा आदेश, पासबुक, सातबारा, मुलीच्या व्हिसाची आणि नोकरीच्या पत्राची प्रत. मागितली तर पटकन काढता येतील अशी लावा. डीएस-१६० चं बारकोड असलेलं पान आणि भेटीचं पत्र वर ठेवा. भेट ठरवताना जो क्रमांक दिलात तोच त्या पानावर आहे ना, हे दोनदा बघा. मोबाईल आत नेता येत नाही, आणि ठेवायला तिथे सोय नसते. सोबत मुलगा येईल, त्याच्याजवळ द्या. साडी नेसावी की ड्रेस घालावा, याचा विचार करू नका. शाळेत जशा जायचात तशा जा.

बोटांबद्दल एक. मुलाखतीआधी ठसे द्यायला वेगळ्या केंद्रावर जावं लागतं, तुम्ही जाऊन आलाच आहात. तुम्ही शेतातही काम करत असाल तर साठीनंतर बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, पुन्हा पुन्हा ठसा घ्यावा लागतो. आधीचे चार-पाच दिवस रात्री हातांना खोबरेल लावा, त्या दिवशी सकाळी मात्र हात कोरडे ठेवा. आधार केंद्रावरही माझा हाच अनुभव आहे.

आता दोघांनी मिळून अर्ज करावा का? मिस्टर खरोखर जाणार असतील तर करावा. सासूबाईंना सोडून ते जाणार नाहीत, हे तुमच्या पत्रातच दिसतंय. मग उगाच त्यांचे सोळा हजार का घालवायचे? नवरा मागे ठेवला की व्हिसा मिळतो, दोघं गेलं की मिळत नाही, असल्या गोष्टी गावोगाव फिरतात. त्यांवर जाऊ नका. जे खरं ठरलंय त्याप्रमाणे अर्ज करा.

तारखेचा भाग तुम्हाला आवडणार नाही, पण तो लपवणं बरोबर नाही. मुंबईत पाहुण्यांच्या व्हिसाला भेटीची वाट पुष्कळ बघावी लागते, आणि साडेचार महिने झपाट्याने जातात. तातडीची भेट मागता येते, परंतु ती गंभीर आजारपण, मृत्यू अशा कारणांसाठी. गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणं हे कारण त्यात चालत नाही, असं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने स्पष्ट लिहून ठेवलंय. तेव्हा तातडीच्या भेटीसाठी मुलीच्या तब्येतीची नसलेली गुंतागुंत कुणी रचायला लागलं तर तिथेच थांबवा. तारीख घेतानाही नीट विचार करून घ्या. २०२५ च्या जानेवारीपासून नियम असा आहे की ठरलेली भेट एकदाच विनाशुल्क बदलता येते, त्यानंतर पुन्हा शुल्क भरावं लागतं. मिळेल ती पहिली तारीख घ्या, आणि एकदा बदलायची संधी खरंच लवकरची तारीख मोकळी झाली तर वापरा.

म्हणजे तुम्ही बाळाच्या जन्मानंतर पोचाल असंही होऊ शकतं. माझं ऐका, ते इतकं वाईट नाही. डॅलसच्या दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी नर्सेस असतील, जावई असतील. आई खरी लागते ती नंतर. पाहुणे येऊन गेल्यावर, जावयांची रजा संपल्यावर, रात्री तीनला बाळ रडतं आणि आपल्याला काहीच जमत नाही असं वाटतं तेव्हा. तुम्ही दुसऱ्या महिन्यात पोचलात तरी लेकीला तुम्ही हव्याच असणार. फॉर्म भरायच्या वेळी तारीख पुढे गेली असेल तर बेतही तसाच बदलून लिहा.

व्हिसा मिळाला तर पासपोर्ट तिथे ठेवून घेतील आणि शिक्का मारून काही दिवसांनी परत देतील. बहुधा दहा वर्षांचा मिळतो. त्याचा अर्थ दहा वर्षं राहता येतं असा नाही. विमानतळावर उतरल्यावर तिथला अधिकारी किती दिवस राहायचं ते ठरवतो, साधारण सहा महिने देतात. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. लेकीला ती त्याच दिवशी ऑनलाइन काढून ठेवायला सांगा. त्या तारखेपलीकडे राहिलात तर हातातला व्हिसा रद्द होतो. तोच प्रश्न तिथेही विचारतील, किती दिवस? तेच उत्तर द्या, आणि परतीचं तिकीटही त्याच तारखेचं असू दे.

प्रवासाचा आरोग्यविमा अमेरिका मागत नाही, तरी घ्या. बी.पी. किंवा साखर असेल तर आधीपासूनच्या आजारांना तो किती संरक्षण देतो ते वाचून घ्या. तिथे एका रात्रीच्या दवाखान्यात तुमचं वर्षाचं पेन्शन जाऊ शकतं. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

आणि हो, डिंकाचे लाडू. ते तुम्ही करणार आहातच, मला माहीत आहे. अळीव, बाळंतशोपा, सुंठ, खारीक, सगळं डब्यात भरून व्यवस्थित नावं लिहून न्या आणि खायच्या वस्तू आहेत हे विमानतळावर आपणहून सांगा. सांगितलेलं फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर दंड होतो. ताजी फळं, मांस आणि पेरायचं बी नेऊ नका. परसातल्या शेवग्याचं बी न्यायचा मोह होईल, तो आवरा.

राहिला शेवटचा प्रश्न: परत नाही म्हणाले तर लेकीला काय सांगू? बाई, हे तिला आत्ताच सांगा, निकालाची वाट बघू नका. आज रात्री फोन करा आणि म्हणा, मी अर्ज करतेय, नीट करतेय, पण ते माझ्या हातात नाही. म्हणून तू आणि जावईबापू मी येणार नाही असं धरून पहिल्या सहा आठवड्यांची सोय करून ठेवा. डॅलसला मराठी माणसं पुष्कळ आहेत, तिथे महाराष्ट्र मंडळ आहे. बाळंतिणीला डबा पोचवणारी, तेल लावायला कोण येतं ते सांगणारी एखादी काकू तिला तिथे भेटेल. जावयांना त्यांच्या कंपनीत रजा किती मिळते ते विचारायला सांगा, अनेकांना स्वतःची रजाच माहीत नसते. तुमचा अर्ज आणि तिची सोय ही दोन कामं एकाच वेळी चालू राहू देत, म्हणजे खिडकीवर उभ्या राहाल तेव्हा लेकीचं सगळं तुमच्या त्या दोन मिनिटांवर अवलंबून नसेल. आवाजही कापणार नाही.

फॉर्म भरून झाला की सही करण्याआधी एकदा सगळा मोठ्याने वाचून घ्या, मिस्टरांनाही शेजारी बसवा. आणि त्या एजंटाला फोनवर काही समजावत बसू नका. पासवर्ड आणि जुन्या फॉर्मची प्रत मिळाली की त्याचं काम संपलं.

तुमची,
ताई